दोष रक्ताचा की पातेल्याचा?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आपल्या घरोघरी माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरतात. चिंचेचा कोळ आणि राख घेऊन घरातली बायकामाणसे बसतात, आणि वर्षभर काळवंडलेली समई, ताम्हन, घंगाळ पाहता पाहता सोन्यासारखी झळकू लागतात. धनत्रयोदशीला एखादे लहानसे का होईना, नवे भांडे घरात आणावे अशी पुष्कळ घरांतली रीत आहे. आम्हां नाशिककरांना तर या भांड्यांचे कौतुक जरा अधिकच. तांब्यापितळेच्या भांड्यांबद्दल या गावाचा लौकिक जुना आहे. गोदाकाठच्या यात्रेला आलेला माणूस गंगेचे पाणी न्यायला तांब्याची लोटी येथूनच विकत घेई, आणि लेकीच्या रुखवतात मांडायची कळशी आणि पातेलीही येथल्याच भांडी बाजारातून जात.

या झळाळीला एक सावलीही आहे. सणासुदीला तिची आठवण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ही गोष्ट अंधारातून उजेडाकडे जाणारी आहे, आणि तिच्यातले एक मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात झाले आहे. म्हणून ती दिवाळीतच सांगावी असे वाटले.

नाशकात द्वारका म्हणून चौक आहे. कृष्णाच्या द्वारकेशी त्याचा नावापुरताच संबंध. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना हमरस्ता येथून जातो आणि पुण्याचा रस्ता येथूनच फुटतो. हा पुण्याचा रस्ता सिन्नर, संगमनेर, नारायणगाव अशी गावे घेत पुण्यात शिरतो. या आणि अशाच रस्त्यांनी, एस. टी.च्या बाकावर बसून, मांडीवर पोट फुगलेले मूल घेऊन आयांनी मोठ्या शहरांतील रुग्णालये गाठली. त्या मुलांच्या रोगाची ही कथा आहे.

रोगाचे इंग्रजी पुस्तकांतले नाव मराठीत आणले तर ते ‘भारतीय बालकांचे यकृत-काठिण्य’ असे होईल. आपल्या बायका त्याला साधेपणी ‘मुलाची लिव्हर वाढली’ असे म्हणत. कलकत्त्याच्या डॉक्टर सेन यांनी १८८७ साली या रोगाचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे तो आपल्या देशातील बालकांचा काळ होऊन राहिला. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुले त्याला बळी पडत. प्रथम मूल किरकिरे होई, त्याची भूक मंदावे. मग पोट वाढू लागे आणि उजव्या बरगडीखाली यकृत हाताला घट्ट, धारदार काठासारखे लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुधा काही महिन्यांतच शेवट. वर्तमानपत्रांत लिव्हरवरील औषधांच्या जाहिराती येत आणि गावोगावचे वैद्य आपापल्या पुड्या देत. पण कशाचाही गुण येत नसे.

या रोगाची दोन लक्षणे चमत्कारिक होती. तो अगदी दरिद्री घरांपेक्षा बऱ्यापैकी खात्यापित्या घरांत, विशेषतः खेड्यापाड्यांतील मध्यम स्थितीच्या हिंदू कुटुंबांत अधिक दिसे. आणि एकाच घरात तो पुन्हा पुन्हा येई. थोरला गेला, त्याच्या पाठचाही तसाच गेला, आता तिसऱ्याचे काय होणार, या धास्तीत घरातील माणसे दिवस काढीत.

एकाच घरातील मुले एकामागून एक एकाच रोगाने जाऊ लागली म्हणजे लोक काय म्हणतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कोणी पितृदोष काढतो, कोणी दृष्ट. आणि बहुतेक वेळा बोट वळते ते सुनेकडे. ‘हिच्याच पायगुणाने झाले’, ‘हिच्या माहेरच्या रक्तातच काहीतरी आहे’. डॉक्टरांचे शब्द अधिक सभ्य असले तरी पुष्कळांचा संशय त्याच दिशेचा होता. रोग कुटुंबातून चालतो, तेव्हा तो आनुवंशिक असला पाहिजे, असे त्यांना वाटे. हा संशय निराधार मात्र नव्हता. तो समजण्यासाठी थोडा वेळ आपल्याला युरोपात जावे लागेल.

आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे, आणि प्रत्येक पेशी हे एक लहानसे घरच आहे. घरात जसा केरकचरा होतो तसा तो पेशीतही होतो. त्याची विल्हेवाट लावणाऱ्या इवल्याशा पिशव्या पेशीत असतात. बेल्जियममधील लूव्हेंच्या विद्यापीठात ख्रिस्तियाँ द द्यूव्ह या शास्त्रज्ञाने उंदराच्या यकृतावर काम करता करता त्यांचा पत्ता लावला आणि १९५५ साली त्यांना ‘लायसोसोम’ असे नाव दिले. या कामाबद्दल पुढे १९७४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. या पिशव्यांत अनेक पाचकद्रव्ये असतात. निकामी झालेले पदार्थ फोडून त्यांचा पुन्हा उपयोग करणे, हे त्यांचे काम.

आता समजा, यांतले एखादे पाचकद्रव्य जन्मतःच नसले तर? ते ज्या पदार्थाला फोडते तो पदार्थ तसाच साठत जाईल. केरवाला येणे बंद झाले की वाड्याच्या चौकात जसा ढीग वाढतो तसेच ते. योहानेस पोम्पे या डच डॉक्टराने १९३२ साली हृदय प्रचंड वाढून दगावलेल्या एका तान्ह्या मुलीची हकीकत लिहिली होती. तिच्या पेशी साखरेच्या एका साठवणरूपाने गच्च भरल्या होत्या. हा पोम्पे दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध गुप्तपणे काम करीत होता. १९४५ च्या एप्रिलमध्ये, हॉलंड मुक्त व्हायला जेमतेम तीन आठवडे उरले असता, त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. आपण वर्णिलेल्या रोगाचे कारण त्याला कळले नाही. ते कळले १९६३ साली. द द्यूव्हचाच सहकारी आँरी-जेरी एर्स याने दाखविले की या मुलांच्या लायसोसोममध्ये एक विशिष्ट पाचकद्रव्यच नसते. एवढ्या एका किल्लीने पुष्कळ कुलपे उघडली. गोशे, हर्लर, हंटर अशा निरनिराळ्या डॉक्टरांच्या नावांनी ओळखले जाणारे कितीतरी दुर्मिळ रोग एकाच कुळातले, म्हणजे ‘साठ्याचे रोग’ आहेत, हे ध्यानात आले.

हे रोग बहुतांशी वंशपरंपरेने येतात, आणि त्यांची रीत अशी. आईकडे त्या पाचकद्रव्याचा एक चांगला व एक सदोष जीन असतो, वडिलांकडेही तसेच. दोघेही धडधाकट असतात आणि दोघांनाही आपल्या सदोष ठेव्याची वार्ता नसते. पण दोघांचाही सदोष जीन एकाच मुलाच्या वाट्याला आला म्हणजे रोग होतो. प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारांत एक. अपवाद काही आहेत, पण सर्वसाधारण नियम हा. म्हणजे सुनेला बोल लावणाऱ्या घराने निम्मा वाटा आपल्याही पदरात घेतला पाहिजे!

आपल्या मुलांचे यकृत ज्याने कठीण होई तोही असाच एखादा साठ्याचा रोग असावा काय? प्रश्न रास्त होता. त्याला पहिला धागा सापडला तो एका रंगामुळे. आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल असते. ही एक प्रकारची शैवाक वनस्पती. तिच्याच भाऊबंदांपासून मूळचा निघणारा ऑर्सीन नावाचा एक रंग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहताना वापरतात. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भारतीय मुलांच्या यकृताचे काप ऑर्सीनने रंगविले. पेशीपेशीतून गडद तपकिरी कण उमटले. हा रंग यकृतात जेथे धरतो तेथे बहुधा तांबे दडलेले असते. पुढच्याच वर्षी तांबे प्रत्यक्ष मोजण्यात आले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम वाळलेल्या भागात साधारणपणे ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबे असते. या मुलांत ते ८०० च्या पुढे, कित्येकदा काही हजारांपर्यंत गेलेले आढळले. दिल्लीचे डॉ. एन. सी. नायक आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनीही १९७९ मध्येच या तांब्याकडे लक्ष वेधले.

साठा तर सापडला! पण हा साठा आला कोठून?

तांबे साठण्याचा एक आनुवंशिक रोग वैद्यांना माहीत होता. किनियर विल्सन याने १९१२ साली तो वर्णिला होता. त्यात यकृताला तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. सहज मनात येई की हाही त्याचाच धाकटा भाऊ असावा. पण विल्सनचा रोग सहसा इतक्या लहान वयात डोके वर काढीत नाही. शिवाय भारतातच एवढी मुले का दगावावीत, याचे उत्तर त्याने मिळत नव्हते.

येथे आपण पुण्यास येतो. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे हे बालरोगतज्ज्ञ काम करीत होते. अशी मुले त्यांच्याकडे खेड्यापाड्यांतून सतत येत. इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी त्यांच्याशी हात मिळविला. या मंडळींनी एक अगदी साधी गोष्ट केली. घराण्यात कोणाला काय झाले एवढेच विचारून न थांबता, बाळ किती महिन्यांचे असताना त्याला वरचे दूध सुरू केले आणि ते दूध कशात तापवीत होता, असे त्यांनी आयांना विचारले.

वाचकहो, संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या आणि अवघड यंत्रे उभी राहतात. त्यांची गरज असतेच. परंतु जो प्रश्न शंभर वर्षे कोणी नीट लावून धरला नव्हता तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभा होता. उत्तरे येऊ लागली ती एकसारखी. आजारी मुलांना गाईचे वा म्हशीचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवले जाई. १९८३ साली या शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला तर्क मांडला. १९८७ साली आजारी मुले आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुले यांच्या आहाराची तुलना करून त्यांनी तो अधिक पक्का केला.

हे दूध-पितळेचे प्रकरण जरा उलगडून पाहण्याजोगे आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आपल्या आज्या-पणज्यांना हे रसायन पुस्तकातून ठाऊक नव्हते, पण अनुभवाने ठाऊक होते. उघड्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. ‘कळकणे’ हे क्रियापदच मराठीने त्यासाठी घडविले आहे. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. पावसाळा सरला की कल्हईवाला दारात येई, भाता फुंकून निखारे फुलवी, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकी, कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने असा हात मारी की पिवळे भांडे आतून रुपेरी होई. पोरे भोवती कोंडाळे करून ती जादू बघत. कल्हई शाबूत असेल तर अन्नाची आणि तांब्याची गाठच पडत नाही.

पण दुधाकडे कोणी त्या नजरेने पाहत नसे. दूध आंबट नाही, मग कळकणार कसे? इथेच घात होता. प्रयोगांत असे दिसून आले की पितळेच्या भांड्यात तापविलेले व ठेवलेले दूध तांबे ओढून घेते, आणि दुधातील केसीन नावाचे प्रथिन ते धरून ठेवते. पाण्यापेक्षा दूध या बाबतीत फार लोभी! मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे काढून टाकते. तान्ह्या मुलाला ते साधत नाही. जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याची शिदोरी मोठी असते, आणि निसर्गाने आईच्या दुधात तांबे थोडेच ठेवले आहे. या शिदोरीत रोज पितळेच्या चरवीतून भर पडत राहिली म्हणजे लायसोसोम ते तांबे साठवून साठवून थकतात आणि यकृताच्या पेशी मरू लागतात.

खात्यापित्या घरांतच रोग का, याचाही उलगडा झाला. ज्या घरी दुभते होते आणि पितळी भांडी होती, त्या घरी बाळाला लवकर वरचे दूध मिळे. एकाच घरात पुन्हा पुन्हा का, याचा उलगडा तर डोळ्यांत पाणी आणणारा आहे. रक्तासारखे पातेलेही थोरल्याकडून धाकट्याकडे येते. थोरला गेल्यावर धाकट्याला जास्तच जपावे म्हणून आई त्याला अधिक दूध पाजी. त्याच पातेल्यातले.

आजार झालेल्या मुलांसाठी पेनिसिलामीन हे औषध हाती होते. केंब्रिजच्या जॉन वॉल्श यांनी १९५६ साली विल्सनच्या रोगासाठी ते पुढे आणले होते. ते शरीरातील तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेते. पुण्यात त्याचा पद्धतशीर प्रयोग झाला, तो १९८७ साली प्रसिद्ध आहे. कावीळ होण्यापूर्वी रोग ओळखला गेला तर काही मुले वाचतात असे दिसले. यांतली काही मुले पुढे वर्षानुवर्षे चांगली जगली. त्यांचा वृत्तान्त डॉ. आशीष बावडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दिला. पूर्वी ज्या निदानानंतर डॉक्टर आईकडे पाहण्याचे टाळीत, त्या निदानानंतर आता ‘औषध सुरू करू’ असे म्हणता येऊ लागले.

पण खरा विजय औषधाचा नव्हे, प्रतिबंधाचा. पुण्याच्या मंडळींनी कुटुंबांना सांगायला सुरुवात केली की बाळाला अंगावर पाजा आणि वरचे दूध द्यायचेच तर ते पिवळ्या भांड्यात तापवू नका. प्रतिबंधाच्या या कामाचा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास काळानेही साह्य केले. बोहारणीच्या टोपलीतून नि बाजारातून स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम घरोघर पोचले. पितळेची पातेली मोडीत गेली किंवा माळ्यावर चढली, आणि ज्या रोगाने एके काळी मुलांचे वॉर्ड भरत तो बघता बघता दिसेनासा झाला. आजच्या तरुण डॉक्टरांनी तो बहुधा पुस्तकातच वाचलेला असतो.

सर्वांनी हे मत एकमुखाने स्वीकारले असे मात्र नाही. काहींचा आक्षेप असा, की पितळेची भांडी तर लाखो घरांत होती, मग सगळीच मुले का आजारी पडली नाहीत? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील काही गावांच्या पिण्याच्या पाण्यात तांबे पुष्कळ होते. तेथील मुलांत असा रोग आढळला नाही, असे १९९४ साली दाखविण्यात आले. पाणी आणि दूध यांत अंतर आहे हे खरे, पण आक्षेप विचार करायला लावणारा होता.

त्याच्या उत्तराच्या जवळ नेणारी हकीकत आली ती आल्प्स पर्वतातून. पश्चिम ऑस्ट्रियातील टायरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अगदी आपल्यासारख्याच यकृतरोगाने दगावली होती. १९९६ साली म्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची घराणी पिढ्यान् पिढ्या मागे तपासली. तेव्हा दोन गोष्टी एकत्र दिसल्या. रोग वंशपरंपरेच्या त्याच नियमाने, आईबापांच्या दोन सदोष जीनांच्या भेटीने, चालत होता. आणि ज्या घरांत तो आला तेथे गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवून बाळांना दिले जाई. नव्या धातूची भांडी आली आणि रोग नाहीसा झाला. जीन मात्र त्या घराण्यांतून नाहीसा झालेला असण्याचे काही कारण नव्हते! तो तेथेच होता, पण त्याला आता इंधन मिळत नव्हते.

म्हणजे रक्ताचा दोष की पातेल्याचा, असे जे आपण विचारीत होतो तो प्रश्नच अपुरा होता. काही मुलांचे यकृत जन्मतः नाजूक असावे, आणि पातेल्याने त्या नाजुकपणाचा काळ केला असावा. बी आणि जमीन यांचे जे नाते तेच हे. बी बदलणे आपल्या हाती नव्हते, जमीन बदलणे होते, आणि तेवढ्यानेच भागले.

प्रत्येक साठ्याच्या रोगात असे भागत नाही, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गोशेच्या किंवा पोम्पेच्या रोगात साठणारा पदार्थ शरीर स्वतःच तयार करते. तेथे कोणते पातेले बदलणार? तेथे उणे असलेले पाचकद्रव्यच बाहेरून द्यावे लागते. अमेरिकेच्या रॉस्को ब्रॅडी यांनी गोशेच्या रोगातील उणीव १९६० नंतरच्या दशकात शोधून काढली. ते द्रव्य बाळंतपणातल्या वारेपासून शुद्ध करून औषध म्हणून मान्य व्हायला १९९१ साल उजाडले. असली औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि त्यांची किंमत ऐकून भल्याभल्यांची छाती दडपते. भारत सरकारने २०२१ साली दुर्मिळ रोगांविषयी धोरण जाहीर केले. पुढच्या वर्षी मान्य केंद्रांत उपचार घेणाऱ्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साह्याची तरतूद झाली. मुंबईत परळचे के. ई. एम. रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक. जन्मभराच्या औषधापुढे ही रक्कम फार दिवस पुरत नाही. पण अशा मुलांच्या आईबापांना निदान जाऊन विचारण्याचे एक दार तरी आहे.

आणि पुण्याच्या संशोधनाचा धडा त्यांनाही लागू आहे. जीन आपण बाजारातून निवडून आणीत नाही. जो ठेवा आपल्याजवळ आहे हेच ठाऊक नव्हते, त्याबद्दल अपराधी कोण? नकळत वाहिलेला जीन आणि मायेने तापविलेले दूध, दोन्हींत आईचा गुन्हा काडीइतकाही नाही. शंभर वर्षे कितीतरी आया मुलाबरोबर आपली अब्रूही गमावून बसल्या. ती त्यांना परत देणे, हेही या संशोधनाचे एक फळ म्हणावे लागेल. ते कोणत्याही अहवालात छापलेले नाही.

द्वारकेच्या चौकातून आजही पुण्याच्या गाड्या सुटतात. वरून उड्डाणपुलाची वाहतूक धडधडत जाते. पोट फुगलेले ते मूल मांडीवर घेऊन बसलेली आई मात्र आता त्या गाडीत सहसा दिसणार नाही. तेव्हा या दिवाळीत समई खुशाल घासा, घंगाळात उटण्याचे पाणी काढा, धनत्रयोदशीला पितळेचे भांडेही घ्या. मात्र त्यात शिजवायचे असेल तर आधी कल्हई करून घ्या. आणि घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या दुधाला स्टीलचेच पातेले काढा.